चार्ज देताना

हिंदुराव, ही बॅटरी. सेल परवाच बदललेत.
ही फाटकाची किल्ली. नुसती फिरत नाही,
कुलूप जरा उचलून धरायचं.
हे रजिस्टर. इथं वेळ, इथं वाऱ्याचा वेग, इथं सही.
आणि हा डबा.

बाहेर रंगाच्या कंपनीचं नाव आहे, आत मुरूम.
रिकामा समजून त्यात बिडी विझवू नकोस.
खाली कंद झोपलाय.
खरपुडी म्हणायचो आम्ही.
शाळेतल्या बाई कंदीलपुष्प म्हणतात,
तेव्हा मला उगीच शर्टाची बटणं लावावीशी वाटतात.

बिरू कोळेकर आणि मी याच सड्यावर गुरं राखायचो.
टोकदार काठीनं उकरायचं, चड्डीला पुसायचं,
कच्चंच खायचं.
आधी गोड, मग जिभेच्या मागं जरासं कडू.
किती खाल्ले,
त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

मग सतरा नंबरचं पातं चढवायला क्रेन आली.
क्रेनसाठी रस्ता, रस्त्यासाठी जेसीबी.
उपसलेल्या ढिगात तीन कंद सापडले,
सोललेल्या गुडघ्यासारखे.

एक शालननं मारला, मायेनं.
पौषभर रोज तांब्याभर पाणी,
म्हणे तहानलं असेल बिचारं.
डबा उलटा केला तर सडक्या कांद्याचा वास.
दुसरा साळिंदरानं नेला.
त्याचा हक्क माझ्या आधीचा, मी काही बोललो नाही.
हा तिसरा.

तर ऐक.
दिवाळीनंतर पाणी बंद. थेंबसुद्धा नाही.
उन्हाळ्यात मुरूम तापेल, तापू दे.
मृग जाईल, डबा बोडकाच दिसेल.
शेजारी गवत वीतभर होईल
आणि तुझ्या मनात येईल, जरा उकरून बघावं,
जिवंत आहे का.
उकरू नकोस.
मी उकरलं होतं. जिवंत होता,
माझ्या बोटानं कोंब मोडला.
वर्षभर रुसला, पान दिलं, फूल दिलं नाही.

येतो तेव्हा गवतासारखाच येतो,
उपटू नकोस.
श्रावण सरता सरता, धुक्यात पातीसुद्धा दिसत नाहीत
आणि नुसता घुं घुं आवाज येतो,
तेव्हा बॅटरी घेऊन पोटावर आडवा हो.
बोटाएवढा कंदील, खाली फुगीर,
वर पाच काड्या टोकाला जुळलेल्या.
आत एक चिलट असेल.
नळीत केस असतात, खाली वळलेले:
आत जाता येतं, बाहेर येता येत नाही.
रात्र काढायची तिथंच.
मग केस सुकतात, फूल मान टाकतं,
चिलट निघतं, तोंडाला एक पिवळा कण घेऊन,
आणि शहाणपण न शिकता
दुसऱ्या कंदिलात शिरतं.
आपली पाळी तरी काय वेगळी आहे, गड्या.

शेंगा जोडीनं येतात, बोकडाच्या शिंगांसारख्या.
फुटायच्या आत फडकं बांध.
बियांना रेशमाचे केस असतात,
आणि इथल्या वाऱ्याचं तर कंपनीला बिल लागतं,
तो एकही बी आपल्याला ठेवणार नाही.
निम्म्या बिया त्या काळ्या कातळाच्या कडेला पेर,
जिथं पाणी थांबत नाही, गाडी वळत नाही.
चार वर्षांत साठ पेरल्या. अकरा उगवल्या.
पाच टिकल्या. शेजारच्या दगडावर चुन्याचा ठिपका आहे.
फोटोवाले विचारतील,
त्यांना धबधब्याचा रस्ता दाखव.
उरलेल्या निम्म्या?
त्यांचं फडकं सोड आणि बाजूला हो.

माझी बदली जतला. तिकडंही पवनचक्क्याच,
पण माती वेगळी, पाऊस मोजका.
डबा नेणार होतो. शालननं पिशवीसुद्धा काढली होती.
मग वाटलं, एकदा उपटलेल्याला
पुन्हा कुठं फिरवायचं.

कर सही. तारीख टाक.
डब्याला रजिस्टरात रकाना नाही,
म्हणून शेऱ्यात लिहिलंय, वाचून घे:
एक डबा. बंद दिसतो.
चालू आहे.